देवांना परत पाठवायचा धवला

दिपिका घरतचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. दक्षिणेतल्या एका सिनेमाच्या मराठी आवृत्तीत नायकाची बहीण बाळंतपणात ओरडते, ते ओरडणं दिपिकाचं. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतली खोकणारी आई तीच. उलव्यातल्या एका इमारतीच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून चालत फक्त पाच मिनिटं’ असं ती अगदी मनापासून सांगते. त्या अंतराला वीस मिनिटं लागतात. तिला ते माहीत आहे. ती शेजारच्या गव्हाणची आहे.

आम्ही पनवेलच्या कॉलेजात एका वर्गात होतो. विषय मराठी साहित्य, वर्गात नऊ जण. ती गव्हाणहून यायची, मी नवीन पनवेलहून. पहिलं वर्षभर ती फारसं बोललीच नाही. तिचा आवाज मी नीट ऐकला तो एकांकिका स्पर्धेत, आणि तेव्हाही ती रंगमंचावर नव्हती. ती विंगेत उभी राहून पात्रांच्या हातात वस्तू द्यायची. हेतल नावाच्या आमच्या नायिकेला शेवटी एक लांब आक्रोश करायचा होता. मधेच तिचा श्वास संपला. पण आक्रोश थांबला नाही. तो तसाच, त्याच सुरात, पुढे गेला. मी दिव्यांच्या बटणांपाशी होते म्हणून मला दिसलं की हेतलचं तोंड नुसतं उघडं होतं आणि आवाज विंगेतून येत होता. हेतलला अभिनयाचं बक्षीस मिळालं.

हे कसं जमलं, असं मी दिपिकाला विचारलं.

“सवय आहे,” ती म्हणाली. “आतेचा श्वास असाच सुटतो.”

आते म्हणजे शकू आते. दिपिकाच्या बाबांची, बळीरामकाकांची, मोठी बहीण. तरुणपणीच विधवा झाली, माहेरी परत आली आणि धवलारीण झाली. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते गाणारी बाई धवलारीण. भटजी आला तरी तिचं काम तिच्याकडेच राहतं. गव्हाण आणि आजूबाजूच्या पाच गावांतली लग्नं पंचेचाळीस वर्षं शकू आतेने लावली. धवला मधे तुटता कामा नये, असा तिचा नियम. म्हणून मागे एक दुसरी बाई लागते. धवलारणीने श्वास घेतला की मागचीने ओळ उचलायची, ती अशी की मांडवातल्या कुणाला कळू नये. दिपिका अकराव्या वर्षापासून आतेच्या मागे उभी राहत होती.

आता मांडवात डीजे असतो. धवल्याला दोन गाण्यांच्या मधली दहा मिनिटं मिळतात. एकदा नवऱ्याचे मित्र म्हणाले, आते, जरा फास्ट घ्या. आतेने त्यांच्याकडे पाहिलं आणि धवला पहिल्या ओळीपासून परत सुरू केला.

स्पर्धेच्या एका परीक्षकाने तो आक्रोश ओळखला होता. त्यानेच दिपिकाला अंधेरीच्या डबिंग स्टुडिओचा नंबर दिला. तिथे वर्षभर तिला फक्त गर्दीचं काम मिळालं. एका माइकभोवती दहा जण उभे राहतात आणि बाजार होतात, दंगल होतात, वरात होतात, प्रेतयात्रा होतात. गर्दीत काहीही बोलायचं, फक्त ते कळता कामा नये. दिपिका वर्गातल्या मुलींची नावं घ्यायची. पुराच्या एका दृश्यात माझं नाव तीनदा आहे, असं ती सांगते. मला ते अजून सापडलेलं नाही.

मग एका सिनेमात एक नटी आली. तिचा श्वास विचित्र होता. वाक्याच्या मधे थांबायची, नको तिथे धावायची. तीन मुलींनी प्रयत्न केला. रेकॉर्डिस्ट धर्मराज वैतागला आणि त्याने गर्दीतल्या दिपिकाला काचेच्या आत ढकललं. तासाभरात काम झालं. नंतर धर्मराज मला म्हणाला, बाकीच्या ओठ बघतात, ही छाती बघते.

सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा बळीरामकाका विचारत राहिले, यात तू कुठली? कुठलीच नाही, असं त्यांना पटेना. पटलं ते फक्त आतेला.

“थोबाड दुसऱ्याचं, आवाज हिचा,” ती म्हणाली. “आमचं तरी काय येगलं हाय? लगीन दुसऱ्याचं, आवाज आपला.”

इथपर्यंत सगळं सरळ होतं. नंतर जे झालं त्याने मी अजून सावरलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मागच्या डिसेंबरात एका मालिकेत आगरी लग्न दाखवायचं ठरलं. त्यातली आजी धवलारीण होती. ती भूमिका करणाऱ्या बाईंना गाता येत नव्हतं. दिग्दर्शकाला धवला अस्सल हवा होता. काम दिपिकाकडे आलं. आवाजाला श्रेय मिळणार होतं, पाटीवर नाव येणार होतं. तिने मलाही स्टुडिओत नेलं. मी धर्मराजच्या बाजूला बसले.

ती लग्नाचा पहिला धवला गायली. त्यात सगळ्या देवांना बोलावतात. आधी घरचे देव, मग गावदेवी, मग वेशीवरचे, मग खाडीकाठचे, आणि सगळ्यांच्या शेवटी कार्ल्याची एकवीरा. प्रत्येकाचं नाव घेऊन, या म्हणून. अकरा मिनिटं ती गात होती. धर्मराजचा चहा गार झाला. दिग्दर्शक म्हणाला, सुंदर, यातली दीड मिनिटं घेऊ.

जिना उतरताना मी विचारलं, आतेला सांगितलंस?

“नाही. सरप्राइज.”

एपिसोडच्या संध्याकाळी मी गव्हाणला गेले. घर तीन मजली, पण सगळे खालच्या हॉलमधे. चौदा माणसं. दिपिकाचा भाऊ मितेश, त्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, तो शिट्टी वाजवायला पुढे बसला होता. धवला लागला. मितेशने शिट्टी वाजवली. शेजारच्या दमयंतीकाकूंनी डोळे पुसले. आते खुर्चीत होती. तिचा हात गुडघ्यावर ताल धरत होता, तो थांबला. मालिकेत आजीने तांदूळ उधळले, नवरानवरी हसली, जाहिरात आली.

“ह्यो कदी गायलीस?” आतेने विचारलं.

“पंधरा दिस झाले.”

“कुटं?”

“स्टुडिओत, अंधेरीला.”

“आनी परत कोनी पाठवलं?”

कुणाला काही कळलं नाही. मितेशने विचारलं, कुणाला परत पाठवायचं?

“देवांना,” आते म्हणाली. “हिनं बोलावलं. नाव घेऊन घेऊन बोलावलं. मंग पानी नाय, पान नाय, जा म्हनाया मानूस नाय. पंधरा दिस तिथं बसवून ठेवलेत.”

मितेश म्हणाला, अंधेरीला? आणि हसला. दोन-तीन जण हसले. मीही हसले असेन. मग दिपिकाचा चेहरा पाहिला आणि थांबले. ती हसत नव्हती.

मला वाटलं आपण शिकलेलो आहोत, आपण समजावावं. मी आतेच्या खुर्चीपाशी बसले आणि सांगितलं की हा अभिनय आहे, ती दोघं खरी नवरानवरी नाहीत, लग्न लागलेलंच नाही.

“ये सेक्टरवाले,” आते म्हणाली. नवीन पनवेलच्या सेक्टरमधली म्हणून ती मला असंच बोलावते. “ती दोगं खोटी हायत, येवडं मना कलतं. मी काय येडी हाय? मी त्यांचं नाय बोलत. जे आले त्यांचं बोलते.”

आणि ती उठून आत गेली.

पडवीत दिपिकाने मला सगळं सांगितलं. लग्नातला शेवटचा धवला पाठवणीचा असतो, असं सगळ्यांना वाटतं. तो शेवटचा नाही. नवरी घरात आल्यावर, देव्हाऱ्यासमोर, दार लावून, धवलारीण एकटी आणखी एक गाते. बोलावलेल्या देवांना एकेक करून परत पाठवते. तो मागचीलाही ऐकू देत नाहीत. सोळा वर्षं दिपिका त्या दाराबाहेर बसली होती. तो धवला तिला येत नव्हता. आणि ज्याने बोलावलं त्यानेच परत पाठवायचं असतं, दुसऱ्याचं चालत नाही.

“मग आते शिकवेल,” मी म्हटलं.

“तेच तर,” दिपिका म्हणाली.

तो एकदाच देता येतो. आतेला तो जासईच्या गंगाबाईने दिला होता. देणारी त्या दिवसापासून धवलारीण राहत नाही. गंगाबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. एकाही मांडवात गेली नाही. घशाला खाज येते म्हणायची आणि घरी बसायची.

मितेशला आतेनेच वाढवलं होतं. त्याचं लग्न आपण लावायचं, हे ती तो पाळण्यात असल्यापासून म्हणत होती. बाकीची पंचेचाळीस वर्षांची लग्नं ही त्याची तयारी होती, असं ती थट्टेने म्हणायची. आता त्याला तीन आठवडे होते.

त्याच रात्री दिपिकाने आतेला सांगितलं की मी यापुढे गाणार नाही. ना स्टुडिओत, ना मांडवात. चूक माझी, मी बाजूला होते, तू तुझं ठेव. दमयंतीकाकूंना मागे घे. 

आते चार दिवस बोलली नाही. जेवायची, तांदूळ निवडायची, दुपारी ओट्यावर बसायची. दिपिका कामाला जात होती. त्या आठवड्यात तिला एका कार्टूनमधल्या बदकाचा आवाज द्यायचा होता. ती दिवसभर बदक व्हायची आणि घरी येऊन गप्प बसायची. मला फोन करायची. एकदा म्हणाली, आते दर वर्षी थोडी जास्त थांबते श्वासाला, मी मागे नसले तर तिचं तुटेल गं.

पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा बळीरामकाका बहिणीची समजूत काढत होते. ते म्हणत होते, पोरीने माफी मागितली, मितेशचं लग्न तू लाव, पुढचं पुढे बघू.

“कुनाला बोलवू?” आते म्हणाली.

काकांना कळलं नाही.

“मितेशच्या लग्नात मी कुनाला बोलवू, बळीराम? ते हितं हायत कं? ते तिकडं अडकलेत.”

 काका उठून चप्पल शोधू लागले, जी त्यांच्या पायातच होती. मी चार वर्षं साहित्य शिकले. लिहिलेली, घडवलेली माणसं खरी की खोटी, यावर मी परीक्षेत पानं भरली आहेत. जे बोलावलं त्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न त्यात कधी आला नव्हता.

आतेने दिपिकाला हाक मारली. “उद्या सकाली परसात ये. तोंड धुवून ये. बदक होऊन येऊ नको.”

तीन सकाळी त्या दोघी परसातल्या चिंचेखाली बसल्या. घरातल्यांनी मागचं दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी आते आत आली आणि तिने दोन कप चहा प्यायला. दिपिका तासभर आत आलीच नाही.

मग प्रश्न आला, देव नेमके कुठे आहेत? गाणं झालं स्टुडिओत. लग्न झालं मालिकेच्या सेटवर. आवाज गेला घराघरांत. मितेश आता हसत नव्हता, तोही विचारात पडला होता. आते म्हणाली, जिथं त्वांड उघडलं तिथं.

दिपिकाने धर्मराजला फोन केला. काय सांगितलं मला माहीत नाही. त्याने दुपारच्या जेवणाची सुट्टी दिली, दीड ते दोन. मितेशने गाडी काढली. मी आणि दिपिका मागे बसलो. आते लुगडं नेसून पुढे बसली, मांडीवर ताट: तांदूळ, पानसुपारी, पाण्याचा तांब्या.

स्टुडिओच्या दाराशी आतेने चपला काढल्या. तिथे सगळेच काढतात, धूळ नको म्हणून. तिला ते आवडलं. धर्मराज पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्याने तिला खुर्ची दिली आणि म्हणाला, धूप तेवढा नको, आते, अलार्म वाजतो. नाय लागत, ती म्हणाली. मग त्याला राहवलं नाही. त्याने विचारलं की तो एपिसोड ॲपवर आहे, रोज कुणी ना कुणी बघणार, मग देव रोज येणार का?

“डबा वाजला म्हून देव येत नाय,” आते म्हणाली. “मानसानं बोलावलं तर येतो.”

धर्मराजने मान हलवली. आतेने सांगितल्यावर त्याने माइक बंद केला, आतला आवाज बाहेर येतो ते बटणही खाली ओढलं आणि तिला दाखवलं. दिपिका ताट घेऊन आत गेली. संहिता ठेवायच्या घोडीवर तिने ताट ठेवलं, तांब्या खाली ठेवला. दार लागलं. तिथली दारं जाड असतात. काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

ती माइककडे पाठ करून उभी राहिली. आमच्याकडे तोंड आलं. तिने गायला सुरुवात केली.

काचेच्या अलीकडे आते, धर्मराज आणि मी, तिघंच होतो; मितेश खाली गाडीपाशी थांबला होता. ओठ हलत होते, गळ्याची शीर वर येत होती, खांदे उचलले जात होते, आणि खोलीत फक्त एसीची घरघर. आते काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली. ती दिपिकाचे ओठ वाचत होती. काही वेळाने मी पाहिलं, आतेचेही ओठ हलायला लागले होते. आवाज नाही, नुसते ओठ. दिपिकाच्या अर्धी ओळ पुढे. मग तिच्या ते लक्षात आलं. तिने पदराचं टोक तोंडात धरलं आणि ओठ मिटून घेतले. पुढे शेवटपर्यंत तिने ते उघडले नाहीत.

धर्मराज दुसरीकडे बघू लागला. त्याने चष्मा काढला होता.

दिपिका मधे दोनदा श्वासाला थांबली. मागे कुणी नव्हतं.

दोन वाजायला दहा मिनिटं असताना तिने तांब्यातलं पाणी ताटात सोडलं आणि दार उघडलं.

“सगले गेले?” आतेने विचारलं.

“मोजून पाठवले.”

“कार्ल्याची?”

“बोलावलं शेवटी, पाठवलं आधी. तू सांगितलंस तसं.”

आतेने तिच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. तो पदर अजून ओला होता.

परतीच्या वाटेवर वाशीचा पूल ओलांडल्यावर आते पुढच्या सीटवर हळदीचा एक साधा धवला गुणगुणायला लागली. तो तर कुणीही गाऊ शकतं, घरातल्या बाया गातात. अर्ध्या ओळीवर ती थांबली आणि खिडकीबाहेर बघत बसली. दिपिकाने ती ओळ उचलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको म्हणून.

मालिकेला आणखी दोन धवले हवे होते. दिपिकाने कळवलं की हसणं, रडणं, मरणं, काय हवं ते देईन, धवला नाही. त्यांनी दुसरी गायिका घेतली. आजीचा गाण्याचा आवाज मग तिचाच झाला. पाटीवरून नाव निघालं. हे तिने घरी सांगितलेलं नाही. घरी अजून ती मालिका लावतात. त्या नवरानवरीचं आता भांडण चाललं आहे. मितेशने आतेला विचारलं, आपण लावलेलं लग्न मोडणार बहुतेक, आता? आते म्हणाली, लावायचं काम आपलं, नांदायचं त्यांचं.

मितेशचं लग्न जानेवारीच्या शेवटी झालं. आते येईल की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती. सकाळी तिने घसा खाकरला तेव्हा बळीरामकाकांनी दिपिकाकडे पाहिलं. पण आते आली. नवं लुगडं, नाकात नथ. तिला कुठे बसायचं ते कळेना. पंचेचाळीस वर्षं मांडवात तिची जागा नवरानवरीच्या बाजूला उभं राहण्याची होती. मी तिला पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. दमयंतीकाकूंनी तिच्या हातात हळदीचे तांदूळ दिले, जसे सगळ्यांना देत होत्या. ते तिने मुठीत नीट बघितले.

डीजे थांबला. दिपिका उभी राहिली आणि तिने देवांना बोलावायला सुरुवात केली. आज मागे दमयंतीकाकू होत्या. मांडवात हळूहळू बोलणं थांबलं. खुर्च्या सरकायच्या थांबल्या. फास्ट घे असं कुणी म्हणालं नाही.

घरतांकडे तांदूळ टाकायची वेळ ठरलेली आहे. धवल्याच्या एका ओळीला धवलारीण हात वर करते, तेव्हा टाकायचे. ती ओळ आतेइतकी कुणाला माहीत असणार? पण दिपिका अजून दोन ओळी मागे होती तेव्हाच आतेने मूठ उघडली. तांदूळ मितेशपर्यंत पोचलेही नाहीत, पुढच्या सतरंजीवर पडले. मागे बसलेल्या दोन मुली फिसकन हसल्या. आतेने रिकाम्या हाताकडे पाहिलं.

“हात थांबला नाय गो,” ती माझ्या कानात म्हणाली.

मी माझ्या मुठीतले अर्धे तांदूळ तिच्या हातावर ठेवले. तिने मूठ घट्ट मिटली आणि माझं मनगट धरून ठेवलं. दिपिकाचा हात वर जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसलो.